राक्षसाला तहान लागते

सूर्यमाळ हे गाव मी नकाशावरून निवडलं होतं. मुलांसाठी भयकादंबरी लिहायची तर गावाचं नाव भारदस्त हवं, एवढाच माझा अभ्यास. मोखाडा तालुक्याच्या डोंगरात हे नाव सापडलं आणि तिथे कधी पाऊलही न टाकता मी त्याच्याभोवती घनदाट अरण्य, स्फटिकांची नगरी आणि ताडासारखा उंच राक्षस उभा करून टाकला.

हस्तलिखित घेऊन सुधाताईंकडे गेलो. त्या नाशिकला मुलांची पुस्तकं छापतात, आणि नकार द्यायचा असला की आधी चहा देतात. मला चहा आला. पण त्या म्हणाल्या, "जिथली गोष्ट लिहिलीस तिथल्या मुलांना वाचून दाखव. घाबरली तर छापते. हसली तर इकडे परत आणू नकोस."

कित्येक वर्षांची मेहनत अशी पोरांच्या दातखिळीवर टांगून मी एप्रिलमधल्या एका सकाळी जव्हारची एसटी पकडली. सूर्यमाळच्या गुरुजींनी दुसऱ्या दिवशीचं बोलावणं दिलं होतं, त्यामुळे पहिला दिवस जव्हारला काढायचा होता. त्र्यंबक मागे पडलं, घाट सुरू झाला आणि मी राक्षसाच्या प्रवेशाची तालीम सुरू केली. अगदी हळू आवाजात, असं मला वाटत होतं. घशातून गुरगुर, मग लांब उसासा, मग दातांवर दात. शेजारच्या बाईंनी आपली कोंबडीची टोपली उचलली आणि त्या पुढच्या बाकावर गेल्या. थोड्या वेळाने कंडक्टर आला, माझ्या हातात प्लास्टिकची पिशवी दिली आणि प्रेमाने म्हणाला, घाटात होतं असं, लाजू नका.

जव्हारला दुपारी शिरपामाळवर गेलो. महाराजांच्या मुक्कामाची ही जागा, समोर डोंगरांच्या निळ्या रांगा, वारा असा की टोपी सांभाळावी की हस्तलिखिताची पानं ते कळेना. माणसं फोटो काढण्यात दंग होती. मी कडेला उभा राहून दरीला उद्देशून राक्षसाची आरोळी ठोकली. मागे टाळ्या पडल्या. वसईहून आलेलं एक कुटुंब होतं. त्यांना वाटलं, मी पोवाड्याचा सराव करतोय. त्यांतल्या आजोबांनी मला पानाच्या द्रोणातली करवंदं दिली आणि आवाज छान आहे, पण जोश कमी पडतो, असा अभिप्रायही दिला. करवंदं मात्र अप्रतिम होती.

दुसऱ्या दिवशी मोखाड्याहून जीपने सूर्यमाळला निघालो. जीपमध्ये माझ्या मांडीवर कोणाचं तरी पिठाचं पोतं होतं, त्यामुळे उतरलो तो अर्धा पांढरा होऊन. माझं घनदाट अरण्य बरंचसं पानगळीत उघडं पडलं होतं. साग निष्पर्ण, माती तांबडी, आणि डोंगरउतारांवर एकमेकांपासून लांब लांब विखुरलेले पाडे (वस्त्या). गुरुजी हसतमुख. त्यांच्या घरी नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाची आमटी आणि सुक्या बोंबलाची चटणी जेवलो. चटणी एवढी जहाल की डोळ्यांतून पाणी आलं. मी वाकून हंड्यातून दुसरा तांब्या भरून घेतला आणि निम्मा प्यायलो. उरलेलं पाणी अंगणात भिरकावलं. गुरुजींची बायको त्या ओल्या डागाकडे बघत राहिली. मला वाटलं, अंगणाची काळजी घेणारी बाई दिसते.

उन्हं कलल्यावर गुरुजींच्या ओट्यावर मंडळी जमली. मुलं पुढे, मोहाची फुलं निवडणाऱ्या बाया मागे. त्यांच्यात यमुनाआजी, पाड्यातली सगळ्यांत म्हातारी. खांबाला टेकून काळूमामा. सगळ्यांत पुढे कल्पना नावाची आठवीतली मुलगी, जिने शाळेतलं कपाट वाचून संपवलं होतं आणि जी माझ्याकडे परीक्षकासारखी बघत होती.

मी वाचायला लागलो. माझी नायिका इरावती गावात येते. अंधार पडतो. झाडी हलते. राक्षस धावत येतो.

पोरं हसली. फिदीफिदी नव्हे, पोट धरून. मी आवाज चढवला, ती जास्त हसली. शेवटी कल्पनाने मला समजावलं, "सर, आमचा राक्षस तर मामाच हाय. बोहाड्यात दरसाल येतो."

बोहाडा म्हणजे मुखवटे घालून देव-दानवांची सोंगं नाचवण्याचा इथला उत्सव. राक्षसाचं सोंग काळूमामाच्या घरचं. मामाला माझा राक्षस पटला नव्हता. तो धावत येत नाही, नाचत येतो, दोन पावलं पुढे, एक मागे, असं सांगून तो घरी गेला आणि मुखवटा घेऊनच आला. भला थोरला, रंगीत, बाहेर आलेल्या दातांचा. तोंडानेच संबळ वाजवत तो ओट्यासमोर असा काही डुलत आला की मी नकळत मागे सरकलो. ओटा संपलेला होता. मी पाठीमागच्या मोहाच्या ढिगात बसलो.

हा भाग पोरांना कादंबरीपेक्षा फार आवडला. मामाने मुखवटा उतरवला, घाम पुसला आणि पाणी मागितलं. सोंग उतरलं की राक्षस आधी पाणी मागतो, अशीच रीत, म्हणाला. त्याला अर्धा पेला मिळाला. तो त्याने थेंबही न सांडता घेतला.

मला मात्र सुधाताईंचा चेहरा दिसत होता. पुस्तक गेलं. केवळ शिष्टाचार म्हणून पुढचं प्रकरण उघडलं. ते भयाचं नव्हतंच, गोड होतं. इरावती विहिरीवरून भरलेला हंडा घेऊन निघते. फांदीवर सोनेरी पक्षी दिसतो. ती हंडा टाकते आणि त्याच्यामागे धावत सुटते.

बायांचे हात फुलांवर थांबले. एक लहानगी आईच्या पदरात शिरली. मी वर पाहिलं. कल्पनाचे डोळे विस्फारलेले.

"टाकला?" यमुनाआजीने विचारलं. "भरलेला?"

मी म्हटलं, हो, पण तो पक्षी जादूचा आहे, तो तिला स्फटिकनगरीत नेतो.

"नेऊ दे रं बाबा. पानी सांडलं का?"

मी त्या पाण्याचा विचारच केला नव्हता. पुढे वाचू लागलो तर कोणी ऐकेना. बायांची आपसांत चर्चा सुरू झाली, आता विहिरीला परत पाणी कधी झिरपणार, पोरीचा नंबर कधी येणार. कल्पनाने एकच विचारलं, "घरी काय सांगल ती?" आणि मला दुपारचा तो अंगणातला ओला डाग आठवला. माझे कान गरम झाले.

मग कल्पनाने कारभार हातात घेतला. इरावतीने हंडा टाकायचाच नाही. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, आणि तसंच जायचं पक्ष्यामागे. स्फटिकांचा पूल? हंड्यासकट. गुहा? वाकता येत नाही, तर गुडघे मोडून. अंधार पडेस्तोवर आम्ही सगळ्यांनी मिळून तिला नगरीभर फिरवली. राक्षस आला, नाचत आला, आणि मामाच्या आग्रहाखातर त्याने मुखवटा उतरवून पाणी मागितलं. द्यावं की नाही, यावर दोन तट पडले. आजीने निवाडा केला: तहानलेल्याला नाही म्हणायचं नाही, पण अर्धा पेलाच द्यायचा.

सकाळी मी विहिरीवर गेलो. हट्टाने गेलो. पायऱ्या नव्हत्या, दगडांच्या खाचांतून तळाशी उतरलेल्या बाया वाटीवाटीने पाणी भरत होत्या, आणि तरी वरून खाली चेष्टा-मस्करी चाललेली. मी गुरुजींच्या घरची भरलेली कळशी उचलली. बायांनी चेष्टा केली, राक्षस निघाला म्हणाल्या. डोक्यावर नाही, खांद्यावरच घेतली, पण चढावर पाय घसरला आणि आतलं पाणी काठाला येऊन डुचमळलं. आयुष्यात पुष्कळ भयकथा वाचल्या. अंगावर असा काटा कुठल्याच पानाला आला नव्हता. कळशी पोचली. गुरुजींच्या बायकोने आत डोकावून पाहिलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली.

निघताना आजीने मोहाची सुकी फुलं बांधून दिली. कल्पनाने बजावलं, छापाल तेव्हा हंडा सांडू नका.

नाशिकला परतल्यावर सगळं नव्याने लिहिलं. सुधाताईंच्या समोर बसलो. अजून चहा आलेला नव्हता, टेबलावर फक्त पाण्याचा भरलेला पेला होता. मी वाचू लागलो. इरावती पुलावर चढली, पूल हलला, हंडा कलला. माझा आवाज मी मुद्दाम साधाच ठेवला होता.

माझ्यावरची नजर न काढता सुधाताईंनी हात पुढे केला आणि पेला टेबलाच्या काठापासून हळूच आत सरकवला.