मामीच्या हातातलं बटण

माझा मामा माइकवाला. सभा कुणाचीही असो, कर्णे मामाचेच. तोंड पाहून आवाज कमी-जास्त करणं त्याला कधी जमलं नाही. भाषण सुरू झालं की तो मशीन मामीवर सोपवायचा आणि पार मागच्या रांगेत जाऊन डोळे मिटून उभा राहायचा. तिथवर शब्द न शब्द पोचला तरच त्याला घास गोड लागे. वक्ता बोलला काय, हे मात्र विचारू नये. देव जाणे!

पुढे दिवस पालटले. देशाच्या प्रमुखसाहेबांनी स्वतःची मुदत स्वतःच वाढवून घेतली, नडणारे न्यायाधीश घरी बसवले, वर्तमानपत्रं एका सुरात गाऊ लागली. निवडणुका व्हायच्याच. फक्त निकाल आधी कळायचा, तेवढंच लोकांचं जागरण वाचलं.

अशात मामाला परवान्याच्या कचेरीत बोलावणं आलं. तिथला साहेब साखर पेरत म्हणाला, "त्या शाळेतल्या निवृत्त बाई विरोधात उभ्या आहेत, त्यांची सभा तुमच्याकडेच ना? आमचा माणूस पुढे बसेल. त्याने रुमालाने घाम पुसला की आवाज बंद. वायर जळाली म्हणायचं. नाहीतर परवाना विसरा."

परवाना गेला की चूल बंद. मामी म्हणाली, "अहो, एका बटणाचा तर प्रश्न! सगळ्यांनी माना डोलावल्या, तुम्हीच कोण मोठे लागून गेलात?"

"माझ्याच्याने नाही व्हायचं गं."

"मग मी करते. तुम्ही जा मागे नेहमीसारखे."

मामा "बरं" म्हणाला. मला त्याचा राग आला, खोटं कशाला बोलू? पण माझं पोट कुठे त्याच्या परवान्यावर होतं!

सभेला मैदान भरलं. मी मामाबरोबर मागे उभा होतो. बाई वर्गात शिकवावं तशा बोलत होत्या, "मुदत संपली की खुर्ची सोडायची. यात न कळण्यासारखं काय आहे?" पुढे बसलेल्या साहेबाच्या माणसाने कपाळ पुसलं. काहीच झालं नाही. त्याने मान पुसली, टक्कल पुसलं, मग रुमाल चक्क झेंड्यासारखा हलवला. शेजारच्या आजीबाईंना वाटलं, याला भोवळ येतेय. त्यांनी त्याला पाणी पाजलं. मला हसू आवरेना.

मामा डोळे मिटून आवाज तुटायची वाट पाहत होता. तो तुटलाच नाही. बाई "नमस्कार" म्हणून खाली बसल्या, तेही स्वच्छ ऐकू आलं. मामाने डोळे उघडले, ते भरून आले होते.

सकाळी सरकारी गाडी आली. कर्णे, मशीन, माइक, सगळं उचलून घेऊन गेली. मामी दाराशी खाली मान घालून उभी.

"बोट ठेवलं होतं हो बटणावर," ती म्हणाली. "पण समोर माणसं इतकं मन लावून ऐकत होती... नाही दाबवलं."

मामा उंबऱ्यावर टेकला.

"रागावलात?"

"रागावलोय," मामा म्हणाला. "ते बटण न दाबणारं बोट माझं असायला हवं होतं."