चाचांचा लाल दोरा

चाचांच्या हातांना स्पिरिटचा वास यायचा. दारूला त्यांनी आयुष्यात स्पर्श केला नव्हता आणि नमाज कधी चुकवला नव्हता. तरी भोकरदनहून जालन्याला परतणाऱ्या संध्याकाळच्या गाडीत नवा कंडक्टर आला, की तिकीट फाडताना तो नाक आक्रसायचा आणि रोजचे प्रवासी एकमेकांकडे बघायचे. एका कंडक्टरने तर म्हटलंच, "चाचा, घरी जाईपर्यंत तरी दम धरायचा." चाचांनी सुटे पैसे त्याच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "हातांना पाजतो, भाऊ. मी न्हाई पीत."

भोकरदन रस्त्यावर एका बियाणे कंपनीचं फार्म आहे. चाचा तिथल्या सूर्यफुलाच्या पट्ट्याचे मुकादम होते. नवा वाण तयार करायचा तर एका ओळीचे परागकण दुसऱ्या ओळीच्या फुलावर चुकूनही पडता कामा नयेत. म्हणून फूल उमलण्याआधीच त्याला कापडी पिशवी घालतात. सकाळी पिशवी काढायची, त्याच ओळीच्या दुसऱ्या फुलाचा पराग त्यावर हलक्या हाताने चोळायचा आणि पिशवी पुन्हा बांधायची. पुढच्या ओळीत शिरण्याआधी बोटं स्पिरिटने पुसायची. ओली बोटं फुलाला लागली तर परागच मरतो. त्यामुळे पुसल्यावर हात हवेत धरून दहा आकडे मोजायचे, हा चाचांचा कायदा होता. ते मोठ्याने मोजत आणि हाताखालच्या आठ बाया त्यांच्याबरोबर मोजत. नवखी बाई सातवरच हात लावायला गेली, की चाचा तिला पुन्हा एकपासून सुरू करायला लावत.

मधमाशी हा त्यांचा शत्रू होता. सूर्यफूल लावणारा शेतकरी मधमाशीची वाट बघतो, कारण ती आली तर दाणे भरतात. चाचा तिला पट्ट्यात बघितली की उभे राहत आणि ती निघून जाईपर्यंत कुणालाही पिशवी उघडू देत नसत. "तिला जात न्हाई, पात न्हाई. हितून उठंल, तितं बसंल," ते म्हणत. हे बोलताना त्यांच्या आवाजात राग नसे. ज्याचं काम तोच करतो, एवढंच त्यांना म्हणायचं असे.

तिसरी गोष्ट त्यांची नोंदवही. शिक्षण उर्दू शाळेत झालेलं. मराठी अक्षरं ते एकेक करून, कोरल्यासारखी लिहीत. खाडाखोड नसे. चूक झालीच तर एक सरळ रेघ आणि शेजारी सही. बाद झालेल्या फुलाच्या देठाला ते लाल दोरा बांधत, वहीत कारण लिहीत आणि त्याचं बी वेगळ्या पाकिटात घालून हंगाम संपेपर्यंत चांगल्या बियांच्याच पेटीत ठेवत. बाद माल लगेच फेकून का देत नाही, असं मी विचारलं होतं. "फेकलं तर मंग मी खरं लिहिलं का खोटं, कोण बघणार?" ते म्हणाले. पुढे जे घडलं ते या सवयीमुळे घडलं.

मी त्या वेळी एका दैनिकाचा जिल्हा बातमीदार होतो. कंपनीने सूर्यफुलाच्या तेलापासून इंजिनाचं इंधन करण्याचा प्रयोग सुरू केला होता आणि त्यावर रविवारच्या पुरवणीसाठी लेख हवा होता. फार्मवरच्या पंपाचं इंजिन त्या इंधनावर चालत असे. धुराला भजी तळल्याचा वास येई आणि अकरा वाजताच बायांना भूक लागे. व्यवस्थापकांनी गणित समजावून सांगितलं. खाण्याच्या तेलाला डिझेलपेक्षा जास्त भाव मिळतो, त्यामुळे चांगलं तेल जाळणं परवडत नाही. एकरी तेल बरंच वाढलं आणि पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगावरच्या फवारणीचा खर्च टळला, तरच या पिकाला पुन्हा जागा आहे. जिल्ह्यात शेतकऱ्यांनी सूर्यफूल सोडलं होतं. केवडा रोग आणि पोपट, या दोघांनी त्यांना सोयाबीनकडे नेलं. इंजिनाबद्दल चाचांचं मत वेगळं होतं. "गाडी पोटभर खाईल आणि माणूस बघत बसंल," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "हे लिहू नका. पगार त्यांचाच खातो."

त्यांच्या पट्ट्यातली एक ओळ मात्र व्यवस्थापकांच्या गणितात बसणारी होती. केवडा तिला होत नव्हता आणि तेलही जास्त होतं. चाचांनी ती कित्येक हंगाम निवडत आणली होती. त्या वर्षी रोगाच्या कठीण चाचणीतून तिची एकवीस झाडं उरली. पुढच्या वर्षी सहा ठिकाणी पेरून बघायला अर्धा किलो शुद्ध बी हवं होतं. मालकांचा निरोप स्पष्ट होता: बी भरलं तर काम पुढे, नाही तर पट्ट्यात कपाशी. आठ बायांपैकी सगळ्यांत जुन्या शांताबाई. त्यांनी मला सांगितलं, "कपाशीला चार बाया ठेवतील. बाकीच्यांनी जीपमध्ये लटकत घनसावंगीकडं ऊसतोडीला जायचं. माझे गुडघे बघितले का तुम्ही?"

फोटो मी मागितला होता. पिशव्यांनी झाकलेल्या फुलांचा फोटो पुरवणीत कसा दिसणार, असं मी व्यवस्थापकांना म्हणालो. त्यांनी चाचांना एक फूल उघडायला सांगितलं आणि फोन आला म्हणून ते शेडकडे गेले. चाचांनी चौफेर पाहिलं, हात पुसले, दहा मोजले. मग त्या ओळीतल्या एका फुलाची पिशवी काढून शांताबाईंच्या हातात दिली. माझ्याबरोबर आलेल्या छायाचित्रकाराने दोन फोटो काढले. तिसऱ्याला तो खूश होऊन म्हणाला, "थांबा, माशी मस्त आली फ्रेममध्ये."

चाचांनी हात मारला तोवर ती उडाली होती. चाचांनी पिशवी पुन्हा बांधली, खिशातून लाल दोरा काढला आणि देठाला दोन गाठी मारल्या. शांताबाई हळू आवाजात म्हणाल्या, "चाचा, एक क्षण तर बसली ती."

"तिला घड्याळ न्हाई, शांताबाई."

वहीत त्यांनी लिहिलं: 'मधमाशी बसली. बाद.' फोटोसाठी उघडलं, हे लिहिलं नाही. माझं नावही लिहिलं नाही.

एकवीसची वीस झाली. पुढचे दिवस सगळे त्या वीस फुलांकडे बघण्यात गेले. दाणे भरायला लागले तसे पोपट आले. बाया पाळीपाळीने पत्र्याचे डबे वाजवत पट्ट्याच्या कडेला बसत. व्यवस्थापक रोज एकच प्रश्न विचारत, "भरेल ना चाचा?" चाचा उत्तर देत, "काट्याला विचारू." लेखासाठी मला शेवट हवा होता, म्हणून मळणीच्या दिवशी मी पुन्हा गेलो.

प्रत्येक फुलाचं बी हाताने काढून वेगळ्या पाकिटात भरलं होतं आणि पाकिटाला त्या फुलाच्या नंबराचा पत्र्याचा बिल्ला दोऱ्याने बांधला होता. पाकिटं पेटीत ओळीने उभी होती. कोपऱ्यात एक पाकीट लाल दोऱ्याचं. चाचांनी बायांना सांगितलं, वीस पाकिटं एकेक करून मोठ्या परातीत ओता आणि बिल्ले वाटीत टाका. ओतणं सुरू झालं आणि ते दुपारच्या नमाजासाठी शेडमागे गेले. मी समोर खुर्चीवर बसलो होतो. शांताबाईंनी सगळ्यांत शेवटी कोपऱ्यातलं पाकीट घेतलं, त्याचा दोरा दाताने तोडला आणि ते परातीत ओतलं. मी बघितलं. त्याचा अर्थ तेव्हा मला कळला नाही.

चाचा आले. परात काट्यावर ठेवली. काटा अर्ध्या किलोच्या जरासा पुढे जाऊन थांबला. एका बाईने तोंडाला पदर लावला, दुसरी चहा टाकायला उठली. चाचा हसले. मग सवयीप्रमाणे वाटीतले बिल्ले ओट्यावर मांडायला बसले, पाच-पाचच्या ओळीत. चार ओळी झाल्या. एक बिल्ला हातात उरला.

त्यांनी तो उलटसुलट केला. बिल्ल्याच्या भोकात लाल दोऱ्याची गाठ अडकलेली होती. चाचांनी बायांकडे पाहिलं, एकेकीकडे, आणि शांताबाईंवर नजर थांबली.

"चाचा, मी..." शांताबाई म्हणाल्या.

"पाणी द्या मला, शांताबाई."

"पर चाचा..."

"पाणी द्या."

त्या उठल्या. त्या माठापर्यंत जाऊन येईतो चाचांनी वही उघडली होती. पाणी त्यांनी बाजूला ठेवलं आणि एकेक अक्षर कोरत लिहिलं: 'बाद पाकीट माझ्या हातून चुकून मिसळलं. सगळं बी बाद.' खाली सही केली. मग व्यवस्थापकांना बोलावलं.

व्यवस्थापकांनी वाचलं आणि परातीकडे बघितलं. "चाचा, वजन भरलंय. एका फुलाचं बी आहे. चालवून घेऊ."

"पुढच्या साली सहा ठिकाणी उगवंल ते, साहेब. भलतंच झाड निघालं तर तितं काय सांगाल, माशीचा नंबर?"

"पण तुमच्या हातून? तुम्ही तर नमाजाला गेला होतात."

"जायच्या आधी झालं."

व्यवस्थापक माझ्याकडे वळले. "तुम्ही होतात ना इथे? यांनीच ओतलं?"

चाचा माझ्याकडे बघत नव्हते. ते बिल्ले गोळा करत होते. शांताबाई माठाजवळ उभ्या होत्या, आणि त्यांच्या ओठाला लाल दोऱ्याचा एक धागा अजून चिकटलेला होता.

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणालो.

सूर्यफुलाचं काम त्या हंगामात थांबलं. पट्ट्यात कपाशी आली. चाचांना वयाचं कारण देऊन घरी पाठवण्यात आलं. शाल आणि नारळ मिळाला. त्यांनी जाताना सुचवल्यावरून कपाशीच्या कामावर मुकादम म्हणून शांताबाईंना ठेवलं आणि शांताबाईंनी काम वाटून देऊन आठही बाया टिकवल्या. त्यांच्या टोळीत नवखीने काम घाईत उरकलं, की शांताबाई तिला पुन्हा पहिल्या झाडापासून सुरू करायला लावतात, असं मी ऐकतो.

माझा लेख छापून आला. सोबत फोटो होता: पिवळं फूल, चाचांची बोटं आणि पाकळीच्या कडेला माशी. शेवटच्या परिच्छेदात मी लिहिलं होतं, 'नोंदवहीनुसार, मुकादमाच्या हातून बाद बी चुकून मिसळल्याने यंदाचं सगळं बी रद्द करावं लागलं.' बातमीदारीत 'नोंदवहीनुसार' हा शब्द पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडतो. त्या दिवशी इतका कधीच पडला नव्हता.

चाचा गेल्या हिवाळ्यात गेले. त्याआधी काही महिने मी जुन्या जालन्यात त्यांच्या घरी गेलो होतो. ते ओट्यावर बसले होते. हात हातात घेतला, तर त्याला साबणाचा वास होता. लेखाचं कात्रण त्यांनी जपून ठेवलं होतं. ते त्यांनी नातीकडून मागवलं, चष्मा लावला आणि शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

"पेपरवाले, हे 'नोंदवहीनुसार' कशाला? सरळ 'चाचांची चूक' लिहायचं होतं."

"वहीत तसं आहे, एवढंच मला खात्रीने माहीत होतं," मी म्हणालो.

"आणि लक्ष न्हवतं म्हणालात, ते?"

चाचांनी कात्रण घडी करून नातीला परत दिलं. तिने चहा आणला. त्यांनी माझा कप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "घ्या. इतकी सालं वही लिहिली, एकच ओळ खोटी लिहिली. तुम्ही पन एकच बोललात. दोन लाल दोरे लागतील, पेपरवाले. एक तुम्हाला, एक मला."