उंटगाड्यांना आमंत्रण

उत्तरेकडच्या वाळवंटी मुलखात, मालवीय नगरात आम्ही राहायला आलो तेव्हा आमच्या गल्लीत रस्ता असा नव्हताच, नुसती वाळू होती. बाबा विद्यापीठात भूगोल शिकवायचे, त्यामुळे कुठली जमीन कुणाची याबाबत ते भलतेच काटेकोर. पलीकडे घरांची बांधकामं चालू होती आणि दगडी फरशांनी भरलेल्या उंटगाड्या जवळचा मार्ग म्हणून आमच्या गल्लीतून जायच्या. बाबांनी पेंटरकडून बोर्ड रंगवून घेतला, 'यह आम रास्ता नहीं है', आणि गल्लीच्या तोंडाशी ठोकला. उंट बोर्ड वाचत नाहीत, म्हणून सुट्टीच्या दिवशी ते स्वतः तिथे उभे राहून गाड्या परत पाठवायचे. शेवटी गाडीवाल्यांनी लांबची वाट धरली. बाबांना कोण आनंद!

त्याच सुमारास आईला शाळेत नोकरी लागली आणि तिने लूना मोपेड घेतली. लूनाची चाकं ती केवढीशी. एक दिवस परतताना ती वाळूत रुतली, आई पडली आणि हात मोडला.

"लूना विकून टाकू," बाबा म्हणाले. "आणि या रस्त्यावरून नोकरी कशी जमणार? सोडून दे."

आईने प्लास्टरमधला हात उशीवर नीट ठेवला. "जुलैत शाळा उघडली की मी जाणार, लूनावरूनच. रस्त्याचं तुम्ही बघा."

आई गंमत करत नव्हती. महाराष्ट्र सोडून इतक्या लांब आल्यावर स्वतःची म्हणून तिला हीच एक गोष्ट मिळाली होती.

नशिबाने नगरपालिकेने आसपासच्या गल्ल्या डांबरी करायला घेतल्या. पाहणीला ज्युनियर इंजिनिअर आले. त्यांना तिथे सगळे 'जेईएन साहब' म्हणायचे. ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबले आणि बोर्ड शांतपणे वाचू लागले.

"प्रोफेसर साहब, ये तो आपकी निजी गली है. सरकारी डामर इसमें कैसे डालें?"

बाबांनी भूगोल, नागरिकशास्त्र, सगळं पणाला लावून पाहिलं. जेईएन साहब हसत राहिले. मग म्हणाले, "बोर्ड हटा लीजिए. मैं कल सुबह फिर आता हूँ. लोगों का आना-जाना दिखा, तो लिख दूँगा कि रास्ता आम है."

गल्लीत मोजून चार घरं. आना-जाना दाखवायचं तरी कुणाचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. बोर्ड काढून त्यांनी पायरीखाली ढकलला होता. समोरून उंटगाडी आली तसे ते हात हलवत म्हणाले, "आइए, आइए! इधर से निकलिए."

गाडीवाला बाबांना चांगलाच ओळखत होता. त्याने लगाम आखडला. "ना बाबूजी, आप फिर लड़ोगे."

"नहीं लड़ूँगा, भैया. आइए तो!"

शेवटी बाबांनी आतून बादलीभर पाणी आणून उंटापुढे ठेवलं, तेव्हा कुठे त्या माणसाचा विश्वास बसला. एक गाडी वळल्यावर तिच्यामागे बाकीच्याही वळल्या. जेईएन साहब आले तेव्हा गल्लीत उंटांची रांग लागली होती आणि बाबा मधोमध यजमानासारखे घाम पुसत उभे होते. आई खिडकीशी बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. प्लास्टर काढल्यापासून हाताला व्यायाम चालू होता, तोही तिने त्या दिवशी बुडवला.

पावसाच्या आधी डांबर पडलं. उंटगाड्या अर्थातच पुन्हा रोज येऊ लागल्या. शेजाऱ्यांनी बोर्डाची आठवण काढली, तर बाबा म्हणाले की तो कुठे गेला कोण जाणे. मी दुधाची पिशवी आणायला निघाले की पायरीखालून तो मला स्वच्छ दिसायचा.

शाळा उघडली त्या दिवशी दुपारी आई यायच्या बऱ्याच आधी बाबा गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. चूक झाली असं त्यांनी घरात कधी कुणाला म्हटलेलं मला आठवत नाही. त्या दिवशीही म्हटलं नाही. लांबून लूनाचा आवाज आला, आई वळणावर दिसली आणि बाबा रस्त्यातून बाजूला सरकून हात हलवू लागले, "आइए, आइए! इधर से निकलिए."

आई इतकी हसली की तिला लूना थांबवावी लागली.