रंभाचा लपवलेला ताप

नवऱ्यानं टाकून दिल्यावर रंभा मोशीला भावाच्या घरी आली आणि चार वर्षं भावजयीचे टोमणे ऐकत गोवऱ्या थापत राहिली. सातवी पास होती, एवढंच तिचं भांडवल. सत्तावन्न साली चिंचवडच्या एका प्रसूतिगृहात मुलींना नर्सचं काम शिकवतात असं तिच्या कानावर आलं, आणि तिनं घरात अन्नाला शिवायचं बंद केलं. शेवटी तिचा भाऊ मारुतराव बैलगाडी जुंपून तिला सोडायला आला. "जमलं तर बरं," तो म्हणाला. "न्हाई जमलं तर गुमान घरी यायचं. पुन्यांदा ह्याचं नाव काढायचं न्हाई."

तिथल्या मोठ्या सिस्टर म्हणजे सुभद्राबाई. पुण्याच्या, नऊवारीतून पांढऱ्या पाचवारीत आलेल्या, आणि बोलायला अशा फटकळ की डॉक्टरही त्यांच्यासमोर जपून बोलत. रोज सकाळी खाटांवरून फेरी झाली की त्या शिकाऊ मुलींना व्हरांड्यात उभं करत आणि कुणाचं काय चुकलं ते सगळ्यांदेखत सांगत. रंभाच्या वाट्याला जरा जास्तच येई. "बाळंतिणीशी बोलतेस की भिंतीशी? तिच्या तोंडाकडे बघ." रंभा कोरड्या डोळ्यांनी ऐकून घ्यायची. बाई खोटं काही बोलत नाहीत हे तिला कळायचं, आणि त्याचाच जास्त राग यायचा.

श्रावणात तिला हिवतापानं धरलं. एक दिवस आड थंडी भरून यायची, मग अंग फणफणायचं, मग घामानं लुगडं ओलं व्हायचं. आजारी मुलीला घरी धाडतात, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तसं कुणी म्हटलेलं नव्हतं, पण विचारायची सोय कुठं होती? थंडी वाजली की ती भांडी उकळायच्या शेगडीपाशी काम काढून बसायची.

अशाच एका सकाळी, अंग तापलेलं असताना, ती छबूच्या खाटेपाशी ताप बघायला गेली. छबू चिखलीची, तीन दिवसांची बाळंतीण. उशाशी तिची सासू गोजाबाई ठाण मांडून बसलेली. थर्मामीटर बघताच ती आडवी आली. "धा जणींच्या तोंडातली उष्टी नळी माज्या सुनंच्या तोंडात न्हाई घालायची. हातानं बघ की. आमी काय नळीवर वाढलो व्हय?"

तोंडात नको म्हणणाऱ्या बायकांना नळी काखेत लावायची, हे शिकवलेलं होतं. पण तेवढा वेळ नळी धरून उभं राहायचं तर रंभाला भोवळ येत होती. शिवाय तिच्या आईनंही सगळ्यांचा ताप हातानंच पाहिलेला. तिनं छबूच्या कपाळाला हात लावला. कपाळ नेहमीसारखं लागलं.

"छबूला ताप?" फेरीत सुभद्राबाईंनी विचारलं.

"नाही, बाई."

"काखेत लावलंस ना?"

"हो," रंभा म्हणाली.

दुपारी रंभाला घाम फुटून ताप उतरला. छबूचं बाळ तिच्या कुशीत देताना हात लागला, तर छबूचं अंग भाजत होतं. सकाळी आपलाच हात तापलेला होता, म्हणून कळलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं. बाळंतपणातल्या तापानं गेलेल्या दोघी तिनं मोशीत पाहिल्या होत्या. ताप आत्ताच चढला असं म्हटलं असतं, तर कुणाला पत्ता लागला नसता. पण सकाळपासून किती वेळ वाया गेला हे डॉक्टरांना कळलं नसतं. खरं बोललं तर परत गोवऱ्याच, रंभाला भावाचं अंगण डोळ्यांसमोर दिसलं. तरी ती तशीच सुभद्राबाईंपुढे जाऊन उभी राहिली.

"बाई, ताप सकाळचाच हाय. मी नळी लावलीच न्हाई. हातानं बघितलं, आन् मलाच ताप हुता."

डॉक्टरांना बोलावणं गेलं, छबूला पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं. मग सुभद्राबाईंनी रंभाला मनगटाला धरून रिकाम्या खाटेवर निजवलं आणि कडू गोळ्या गिळायला लावल्या.

छबू हळूहळू सावरली. तोवर रंभा समोरच्या खाटेवरून तिच्याकडे बघत पडून होती, आणि सुभद्राबाई तिच्याशी अवाक्षर बोलत नव्हत्या. त्यापेक्षा व्हरांड्यातली बोलणी बरी, असं तिला वाटायचं.

बहीण आजारी असल्याचा निरोप मिळाला तसा मारुतराव गाडी घेऊन आला. "मला ठावं हुतं," एवढंच म्हणाला. रंभानं मुकाट्यानं गाठोडं बांधलं.

"कुठं निघालात?" दारातून सुभद्राबाईंनी विचारलं.

"घरी न्हेतो, बाई. हिला काय जमायचं न्हाई."

"ते मी ठरवते. खोटं बोलली, म्हणून सगळं शिक्षण पहिल्यापासून करावं लागेल. तिथं मी सूट देणार नाही. पण कुणी पकडलेलं नसताना ती स्वतः येऊन बोलली, म्हणून बाळंतीण वाचली. मुलगी मला हवी आहे."

इतके दिवस एवढी बोलणी खाऊन कधी न रडलेली रंभा गाठोड्यावर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. मारुतरावाला काय करावं कळेना. कधी नव्हे तो त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ऱ्हा मग," म्हणाला, आणि रिकामी गाडी घेऊन मोशीला परतला.