पायमोज्याआडचा आकडा

प्रसूती विभागाच्या दारावर जी बाई उभी असायची तिला सगळं हॉस्पिटल 'कडी' म्हणायचं. एकदा लागली की लागली. डॉक्टर असो, मंत्र्याचा मेहुणा असो, पास दाखवल्याशिवाय दार उघडायचं नाही.

आधीची सोळा वर्षं तिने कापडाच्या दुकानात बायकांच्या पिशव्या तपासल्या होत्या. दुकान बंद पडलं आणि सुरक्षा कंपनीने तिला इथे पाठवलं. लेक हसली होती. "आई, आता पिशव्यांऐवजी बाळं तपासणार?"

"हो. पिशव्या रडत नव्हत्या, एवढाच काय तो फरक."

पण फरक तेवढाच नव्हता. या दारातून रोज पाच-सहा माणसं अशी बाहेर पडत, ज्यांनी अजून आभाळ पाहिलेलंच नसे. त्यांच्या आयुष्यातलं पहिलं दार ती उघडत होती. पहिल्याच आठवड्यात हे तिच्या ध्यानात आलं आणि तेव्हापासून तिला सुट्टी नकोशी झाली.

फौजेतून निवृत्त झालेल्या सुपरवायझर सरांनी तिला काम शिकवलं. आकडा तीन ठिकाणी असतो: पासवर, आईच्या मनगटाच्या पट्टीवर आणि बाळाच्या पायातल्या पट्टीवर. तिन्ही मोठ्याने वाचायचे. जुळले तर दार उघडायचं. "आणि एक लक्षात ठेवा," सर म्हणाले होते, "इथे चोर क्वचित येतो. घाई रोज येते."

मागच्याच महिन्यात एका बाईंनी तिची तक्रार केली होती. बाळाचा पायमोजा काढला, बाळाला थंडी वाजली. सरांनी तिला बाजूला घेतलं. "माझा तुमच्यावर विश्वास आहे हो, पण आणखी एक तक्रार आली तर कंपनी तुम्हाला मागे ऑक्सिजनच्या टाक्यांवर पाठवेल. माझ्या हातात काही राहणार नाही."

टाक्यांवर! तिथे ना कुणी येत, ना कुणी जात.

त्यातच त्या आठवड्यात सरावाची कुणकुण लागली. कंपनीचं कुणीतरी दुपट्यात बाहुली गुंडाळून बाहेर पडायचा प्रयत्न करणार आणि जो सोडेल तो पकडला जाणार. सगळे पहारेकरी दुपटी चाचपू लागले. लिफ्टकडच्या दारावरचा उंच्या तर फुशारकीच मारत होता. "बाहुली रडत नाही, कडीताई. रडलं की खरं! रडणाऱ्याला मी सलाम ठोकून सोडतो."

"आणि पायातली पट्टी?"

"रडतंय ना? मग झालं!"

गुरुवारी सकाळी साडेअकराला एक कुटुंब तिच्या दाराशी आलं. चाकाच्या खुर्चीत बाळंतीण, आजीच्या हातात बाळ, पुढे बाप. बाळाने टाहो फोडला होता. बाहेर गाडी हॉर्न वाजवत होती.

"पास, अठ्ठावन्न," कडीने वाचलं. "ताई, हात दाखवा. अठ्ठावन्न. आजी, बाळाचा पाय."

"अगं, आत्ता कुठे नीट गुंडाळलंय! गाडी खोळंबलीय."

"एकच मिनिट, आजी."

बापाचा आवाज चढला. "आमच्यावर संशय घेताय? तक्रारवही कुठेय तुमची?"

आजूबाजूची माणसं थांबून बघू लागली. तिने खण उघडला आणि वही-पेन त्याच्यासमोर ठेवलं.

"लिहा तुम्ही. तोवर मी पाय बघते."

तो तणतणत लिहू लागला. तिने दुपट्याचं टोक सोडवलं आणि इवलासा मोजा ओढला.

एकसष्ट.

तिने पुन्हा वाचलं. मोठ्याने. "एकसष्ट."

पेन थांबलं. बाळंतीण खुर्चीतून अर्धी उठली. "म्हणजे? आई, म्हणजे काय?"

आजीच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "अगं बाई! काविळीच्या बाळांना ठेवतात त्या निळ्या दिव्याच्या खोलीबाहेर मी नि दुसरी एक आजी बसलो होतो. तीन दिवसांची ओळख. तिने माझं घेतलं, मी तिचं, नुसतं बघायला. दोघांनाही हॉस्पिटलची टोपी तीच, दुपटं तेच. तेवढ्यात याने हाक मारली, गाडी आली म्हणून..."

कडीने वायरलेस तोंडाशी धरला. "गुलाबी! गुलाबी!" म्हणजे बाळ बाहेर गेलंय, सगळी दारं बंद.

पलीकडून उंच्या हसला. "आली का बाहुली?"

"बाहुली नाही रे! खरं बाळ! उंच्या, लिफ्टकडून कोण गेलं?"

"एक आजी होती... पाचेक मिनिटं झाली. बाळ रडत होतं."

"पाय पाहिलास?"

उंच्याचा आवाज एकदम बारीक झाला. "हिरव्या गाडीत बसले, ताई."

"फाटक! हिरवी गाडी अडवा!"

"अर्धी बाहेर पडलीय," फाटकावरचा ओरडला. "आता दांडा कसा टाकू?"

"दांडा राहू दे! पुढे जाऊन उभा राहा!"

तिचे पाय पळायला शिवशिवत होते. पण दार सोडायचं नाही हा नियम. तिने चौकट घट्ट धरली. वायरलेसवर ब्रेक करकचले, कुणीतरी शिव्या घातल्या, गाडीचं दार आपटलं. मग फाटकावरच्याचा धापा टाकणारा आवाज, "थांबली! थांबली ताई! बाळ आहे!"

सगळ्या व्हरांड्याने एकदम श्वास सोडला.

दोनच मिनिटांत दुसरी आजी बाळाला उराशी धरून धावत आली, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. तिच्या मागे तिची सून भिंतीचा आधार घेत, रडत. उंच्या बाळाच्या पिशवीसकट मान खाली घालून.

"द्या हो आता!" खुर्चीतल्या आईने दोन्ही हात पसरले.

"थांबा. आधी आकडे." कडीने मनगटाच्या पट्टीकडे बोट दाखवलं. "तुम्ही वाचा, ताई. तुमच्या मनगटावरचा."

"अठ्ठावन्न."

बाळाचा मोजा पहिल्या आजीने स्वतः काढला. "अठ्ठावन्न," ती म्हणाली आणि हुंदका फुटून हसायलाच लागली. मग दुसरी आई, दुसरा पाय. एकसष्ट, एकसष्ट. दोन बाळं हातोहात आपापल्या आयांकडे गेली. एकाने लगेच रडणं थांबवलं. दुसऱ्याने आणखी जोर केला.

धावत आलेल्या सरांनी टेबलावरची वही उचलली. 'दारावरची बाई उद्धटपणे बाळाचा पायमोजा' इथेच वाक्य तुटलं होतं. त्यांनी ती बापापुढे धरली. "पुरं करा, साहेब."

त्याने तुटलेल्या वाक्यापुढे पेन टेकवलं. मग लिहिलं, 'काढते. तिला या दारावरून हलवू नका.'

"चला, अहवाल लिहून घेऊ," सर कडीला म्हणाले.

"नंतर, सर. रांग लागलीय." पुढच्या बाळाचा मोजा काढायला तिने हात पुढे केला. पण मोज्याची नाडी बाळाच्या मावशीने आधीच सोडवली होती.