पाखरांसाठी पेरलेली ज्वारी

दोन वर्षांपूर्वी मी एकरभर ज्वारी पेरली ती पाखरांसाठी. हे गावात सांगायची सोय नव्हती. आमच्याकडं आता जिकडं बघावं तिकडं ऊस, कापूस, नाहीतर सोयाबीन. ज्वारी पेरणारा माणूस एक तर हौशी, नाहीतर खुळा. बायकोनं मला दुसऱ्यात घातलं. "जल्मभर गोफण घिऊन त्यांच्या मागं पळलात, आन् आता आवतण देता व्हय?" ती म्हणाली.

बरोबरच होतं तिचं. पोरवयापासून मी ज्वारीची राखण केलेली. रानातल्या माळ्यावर उभं राहून असा दगड सुटायचा, की थवाच्या थवा उठून पार पलीकडच्या शिवारात. गर्व होता मला त्याचा, खोटं कशाला बोलू? त्यातही त्या बारक्या पिवळ्या पाखरांचा तर भारी राग.

मग लेक केजला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागली आणि सुट्टीत घरी आली की माझे कान उपटायला लागली. ते पाखरू म्हणजे काळ्या डोक्याचा भारीट, म्हणाली. इराण-तुर्कस्तानाकडं घरटी करतं, पिलांना किडे भरवतं आणि थंडीला आपल्याकडं दाणे खायला येतं. येतो तेव्हा नर मळकाच असतो. पिसांची फिकी टोकं झिजत जातात आणि परतायच्या आधी खालचं काळंभोर डोकं उघडं पडतं.

"ज्वारी गेली तसे थवेही आटले, बाबा. तुम्ही कधी डोकं काळं झालेला नर बघितलाय का?"

मी हो म्हणालो. खरं म्हणजे काही केल्या आठवेना, आणि ते मला लागून राहिलं. एकदा तरी ते डोकं बघायचंच, म्हणून ही ज्वारी.

पीक झकास आलं. माघ संपत आला, कणसं पिवळी पडली. मी रोज दूध काढून, चहा पिऊन नवाच्या सुमाराला रानात जायचो आणि दुपारपर्यंत बांधावर बसायचो. एक पाखरू दिसेल तर शपथ! काढणीच्या बायांना दोनदा पुढची तारीख दिली. असे पंधरा दिवस गेले. आपणच हाकलली ती, आता कायमची गेली, असं वाटून मला जेवण गोड लागेना.

सोळाव्या दिवशी बांधशेजारी आला. त्याच्या उसाच्या मोटारीला सकाळच्या पाळीची लाईट, त्यामुळं तो दिवस उगवायलाच रानात असतो. माझ्याहून दहा वर्षांनी लहान; त्याला गोफण मीच शिकवलेली. छाती काढून म्हणाला, "आण्णा, बिनघोर ऱ्हावा. रोज सकाळी पाखरं पडत्यात तुमच्या ज्वारीवर, पिवळी पिवळी. एक दाणा खाऊ दिला न्हाई!"

माझं डोकंच फिरलं. "कशाला हाकलली रं?" मी केवढ्यानं तरी ओरडलो.

दुसऱ्याच्या पिकावर पाखरं दिसली की जाता-येता हाळी द्यायची, ही आमच्याकडची माणुसकी; ती कुणी सांगावी लागत नाही. मी तरी आजवर दुसरं काय केलं होतं? राग गिळला आणि त्याला सगळं सांगितलं.

"म्हंजी, खाऊ द्यायची?"

"खाऊ द्यायची."

"आन् लोकं इचारतील तवा?"

"आण्णा खुळा झालाय म्हण."

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघं त्याच्या उसाच्या कडेला दबून बसलो. ऊन कणसांवर आलं आणि आली की पाखरं! पन्नासेक असतील, जास्त नाहीत. शेजाऱ्याचा हात आपसूक ढेकळाकडं गेला. मी त्याचं मनगट धरलं. हाळी तर माझ्याही घशाशी आलेली. एवढ्यात एक नर आमच्यापासून दहा हातांवरच्या कणसावर बसला आणि दाणा चोचीत फिरवायला लागला. पिवळंधमक पोट, तांबूस पाठ आणि डोकं काळं कुळकुळीत. मला इतका आनंद झाला, की धरलेलं मनगट सोडायचं राहूनच गेलं.

शेजारी कुजबुजला, "आण्णा, लई देखणं हाय की वो हे. मी ह्येला कदी बसलेलं बगितलंच न्हाई. उडून जातानाच बगितलं."

साठी उलटली होती माझी, आणि मीही त्याला पहिल्यांदाच असं निवांत बसलेलं बघत होतो.