आत्याच्या खिडकीतलं हिरवं पाणी

बाबा फोनवर नेहमीच कमी बोलतात, पण त्या सकाळी ते "केजला ये" एवढंच म्हणाले. कुणाबद्दल, ते विचारावं लागलं नाही. केजमध्ये आमचं एकच माणूस राहायचं... सुधाआत्या, बाबांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. तिथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि रिटायर झाल्यावरही गाव सोडलं नाही. झोपेतच गेली. मी पुण्याहून पोहोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं आणि खिडकीतल्या तिच्या बाटल्या उन्हात हिरव्यागार दिसत होत्या. मला रडू आलं नाही. बाटल्यांची झाकणं सैल आहेत ना, तेवढं मी पाहून घेतलं.

त्या बाटल्यांत शेवाळ होतं. दगडावरून पाय घसरवतं ते नव्हे. सुटं, एकेका पेशीचं, लांबून नुसतं हिरवट पाणी वाटावं असं. मी बीडला इंग्लिश मीडियमच्या शाळेत होते. सुट्टीत सगळे केजला जमलो की चुलतभाऊ म्हणायचे, "आली इंग्लिश मॅडम! म्हशीला इंग्लिशमधून हाक मार की." मी उठून अंगणात जायचे. एकदा आत्याने मला आत बोलावलं. "हितं बस. डोळा लाव." मायक्रोस्कोपखाली लिंबाच्या बीसारखे हिरवे जीव इकडून तिकडे धावत होते. प्रत्येकाला पुढे दोन धागे, अंगावर एक तांबडा ठिपका. हे चित्र मी शाळेत नावांसकट काढलं होतं. चित्रात ते कधी हललं नव्हतं. आत्याने मग बाटली दाखवली. उजेडाच्या बाजूला हिरवा पट्टा जमला होता. ती म्हणाली, "आता बाटली फिरव, चहा पी, मग बघ." चहा होईपर्यंत पट्टा सरकून पुन्हा उजेडाकडे आला होता. त्या तांबड्या ठिपक्याने त्यांना उजेड कळतो, हे तिने नंतर सांगितलं. मायक्रोस्कोपवर वाकलेल्या माणसाशी कुणी बोलायला येत नाही, हे मात्र माझं मलाच कळलं. पुढे दर सुट्टीत मी तिथेच असायचे.

तिची कामाची पद्धत घरात चेष्टेचा विषय होती. शेतातली काळी माती चाळून ती इडलीपात्रात उकडायची, म्हणजे मातीतले नको ते जीव मरतात. थंड झालेली चिमूटभर माती बाटलीच्या तळाशी, वर उकळून गार केलेलं पाणी, आणि मग जुन्या बाटलीतले चार थेंब. काका दारातूनच विचारायचे, "सुधाक्का, इडल्या हायत का ढेकळं?" आत्या म्हणायची, "खाऊन बघ. लई पौष्टिक हाय." तिच्याकडे इडली खाल्लेलं कुणीही मला आठवत नाही.

सगळ्यांत जपलेली बाटली उमापूरची. आमचं मूळ गाव ते. गावाबाहेर दगडाच्या जुन्या खदानीत पावसाचं पाणी साठायचं, आणि आत्याला तिच्या शिकण्याच्या दिवसांत त्यात व्हॉल्व्हॉक्स सापडला होता. मोहरीहूनही कितीतरी बारीक हिरवा गोळा, आतून पोकळ. शेकडो पेशी त्याच्या अंगावर एकमेकींना जोडून बसलेल्या, सगळ्यांचे धागे मिळून तो पाण्यात फिरत पुढे जातो. त्याच्या पोटात छोटे गोळे वाढतात. ते मोठे झाले की बाहेरचा गोळा फाटतो, लेकरं निघून जातात, तो संपतो. आत्या सांगायची, "जी पेशी एकटी असती ती म्हातारी होऊन मरत न्हाई, वाटली जाती नि तिच्याच नव्या पेशी होतात. गोळा झाला, कामं वाटून घेतली, की मग मरण आलं."

"मग गोळा व्हायचंच कशाला?" मी विचारलं होतं.

ती खूप हसली. "मला काय विचारायलीस? मी एकटीच हाय की!"

पुढे ती खदान बुजवली गेली. आसपासची किती तळी आत्याने पालथी घातली, तो गोळा पुन्हा मिळाला नाही. मागच्या दिवाळीत मी निघताना ती म्हणाली, "बाकीच्या बाटल्यांचं काय बी कर. उमापूरची तेवढी जगव." मी हो म्हटलं. तिला काही होतंय का, हे विचारायला हवं, असं वाटत राहिलं... विचारलं नाही.

सुतक फिटलं त्या दिवशी मी बाबांसोबत नदीवर गेले होते. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं साठवलेलं पाणी ओतून देतात, भांडी घासतात, घर सारवून-पुसून घेतात. परत आले तर खिडकी रिकामी. उमापूरहून आलेल्या निर्मलाकाकूंनी सगळ्या बाटल्या घासून ओट्यावर पालथ्या घातल्या होत्या. आत्या गेल्यापासून सगळं घर त्याच एकट्या ओढत होत्या.

"बघ, कशा लख्ख निघाल्या," त्या म्हणाल्या. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून, "का गं? सुतकाचं पाणी कशाला ठिवायचं घरात?"

मी त्यांना सांगितलं. फार थोडक्यात, पण त्यांना कळलं. त्या पायरीवर बसल्या. "मोरीत न्हाई ओतलं गं. सुधाक्काचं पाणी म्हणून कढीपत्त्याच्या बुडात टाकलं. तळाचा गाळ बी तिथंच."

तेव्हा मला आत्याचा एक धडा आठवला. तळं आटायला लागलं की व्हॉल्व्हॉक्स जाड कवचाचे नारिंगी दाणे धरतो. ते चिखलात सुकून पडून राहतात आणि पाणी आलं की उघडतात. आपल्या जिल्ह्यात राहायचं तर त्याला हे जमलंच पाहिजे, असं ती म्हणायची. जुन्या बाटलीतही असे दाणे बसतात. ओतलेलं पाणी जिरून गेलं होतं आणि कढीपत्त्याखालचा गाळ उन्हाने वाळला होता. मी वरचा पापुद्रा खरवडून घेतला, काकूंनी पाणी उकळून गार केलं, आणि त्यांनीच घासलेल्या बाटल्यांत आम्ही ते भिजत घातलं.

मी ऑफिसचं काम केजहूनच करू लागले. काकूही उमापूरला परतल्या नाहीत. रोज सकाळी खिडकीशी येऊन पेरणी केल्यासारखं विचारायच्या, "उगवलं का?" आधी हिरवे धागे आले. मग धावणारे एकपेशीय आले, पाणी हिरवं झालं.

"हेच का?"

"हे नाही, काकू. हे कुठंही मिळतं."

काकूंनी बाटलीच्या काचेवर बोट टेकवलं. "त्या खदानीवर नवी नवरी असताना मी धुणं धुतलंय. तवा साबणानं मेलं न्हाई. माझ्या हातानं मरंल व्हय?"

मी बाटली पुन्हा उजेडात सरकवली.

गेल्या आठवड्यात सकाळी कोपऱ्यातल्या बाटलीत एक ठिपका दिसला. बाकीचं पाणी स्थिर होतं. तो मात्र सावकाश फिरत वर चढत होता. मी तो ड्रॉपरने उचलला, काचेवर ठेवला, पाहिला. खुर्चीतून उठले आणि काकूंना बसवलं. त्यांनी एक डोळा तळहाताने गच्च झाकला.

"तो डोळा मिटू नका," मी म्हटलं. "दोन्ही उघडे ठेवा."

"मंग दिसंल कसं?"

"दिसतं. आधी टेबल दिसेल, मग टेबल जाईल."

आत्या तशीच बघायची. दोन्ही डोळे उघडे, दारातून कोण आलं तेही तिला कळायचं. वर्गातल्या प्रत्येक मुलीला तिने हेच सांगितलं असणार. माझ्या तोंडून ते इतक्या सहज कसं आलं, कोण जाणे. काकूंनी हात बाजूला केला. बाहेर कुणीतरी त्यांना दुधासाठी हाक मारत होतं.

"हलू नको," त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. "लेकरं हायत हिच्या पोटात. फिरायली."